सांगणं आणि चाखणं

मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या बहुतेकांना महाड माहीत असतं ते रायगडाकडे वळायचा फाटा म्हणून आणि पोलादपूर माहीत असतं ते महाबळेश्वरचा घाट लागण्याआधीचा चहा म्हणून. गाडी थांबते, चहा होतो, गाडी सुटते. पण त्याच टपरीच्या बाकड्यावर जरा टेकावं आणि शेजारच्या माणसाला ‘इथून आत काय आहे?’ एवढंच विचारावं. पुढची पंधरा-वीस मिनिटं जे ऐकायला मिळतं, ते कुठल्याही प्रवासपुस्तकात नाही. या मुलखात वाट सांगणं ही कला आहे. तिला आकृतिबंध आहे, लय आहे, स्वतःची शब्दकळा आहे. चांगल्या कवितेपाशी थांबतो तसं तिच्यापाशी थांबून, ओळीओळीने तिचा आस्वाद घ्यावा, इतकी ती भरघोस आहे.

खाण्यापिण्याविषयीचं इथलं बोलणंही त्याच कुळातलं. काय कुठे पिकतं, कधी काढतात, कशाबरोबर खातात, काय टाळतात, हे इथली माणसं ज्या नेमकेपणाने सांगतात, तो नेमकेपणा वाईनच्या जाणकारांकडेही क्वचितच आढळतो. मुलूख आणि पेय, दोन्हींची चव आधी कानांनी घ्यावी लागते, हे मला सावित्रीच्या या खोऱ्याने शिकवलं. त्यामुळे हे रसग्रहण स्थळांचं किंवा वाईनचं जेवढं आहे, त्याहून अधिक ते सांगणाऱ्यांच्या सांगण्याचं आहे.

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणाऱ्या नद्यांपैकी कृष्णा, कोयना, वेण्णा यांचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. सावित्री पश्चिमेच्या कड्यावरून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते, तिथे गांधारीला पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. आर्थर सीटवरून खाली जी खोल, निळसर दरी दिसते ती हीच. वरून पाहणारा म्हणतो, ‘केवढी दरी!’ खाली राहणाऱ्याला मात्र ती दरी म्हणून दिसतच नाही. त्याच्या लेखी तिथे ढवळे आहे, चंद्रगड आहे, खिंड आहे, देवाची घुमटी आहे, आणि बैल चरायला न्यायचा माळ आहे. पर्यटक ज्याला दृश्य म्हणतो, तो खालच्या माणसाचा पत्ता असतो.

ढवळे गावाकडच्या एका वृद्ध गृहस्थांनी मला चंद्रगडाची वाट सांगितली होती, ती अशी:

‘चंद्रगड बघायचा तर ढवळ्यात मुक्काम करा. सकाळी लवकर निघा, ऊन चढायच्या आत माथा गाठा. म्हसोबाच्या खिंडीत आलात की दोन वाटा. एक गडावर जाते, एक बहिरीच्या घुमटीकडं. घुमटीकडनं वर महाबळेश्वर. तिकडं जायचं तर गावातला माणूस संगती घ्या. पाणी इथूनच भरून घ्या. आणि पावसात नका येऊ. पावसात आम्ही पन जात नाय.’

हे बोलणं आता सावकाश वाचू. पहिल्याच वाक्यात गडाच्याही आधी मुक्काम आला आहे. शहरी माणूस ठिकाणापासून सुरुवात करतो, किती लांब, किती वेळ, गाडी कुठपर्यंत जाते. या गृहस्थांनी सुरुवात रात्रीपासून केली, कारण त्यांच्या अनुभवात गड चढायची तयारी आदल्या संध्याकाळी गावात पोचण्यापासून सुरू होते. दुसऱ्या वाक्यात घड्याळ नाही, ऊन आहे. ‘आठ वाजता निघा’ हा सल्ला डिसेंबरात बरोबर आणि एप्रिलमध्ये घातक ठरला असता. ‘ऊन चढायच्या आत’ हे माप बारा महिने खरं राहतं.

मग म्हसोबा आणि बहिरी. या वाटेवर खुणा म्हणून देव आहेत, आणि त्यामागे व्यवहार आहे. झाड पडतं, पायवाट मोडते, दरड येऊन उतार बदलतो. देवाची जागा मात्र गाव सोडत नाही, दरवर्षी तिथे कोणीतरी जातं, शेंदूर लावतं, नारळ फोडतं. म्हणजे ती खूण दरवर्षी ताजी होते. वाटेचा सगळ्यांत टिकाऊ दगड कोणता, हे या समाजाला पक्कं ठाऊक आहे. त्यानंतर फाटा, मग अट, मग पाणी. कितीही उत्साहाने सांगत असले तरी इथली माणसं पाण्याचा उल्लेख वगळत नाहीत. ज्या मुलखात चार महिने पाऊस झोडपतो आणि मार्चनंतर वाडीवरच्या विहिरी तळ दाखवू लागतात, तिथे पाण्याचा उल्लेख म्हणजे जीव लावून सांगितल्याची खूण असते.

आणि शेवटचं वाक्य. ‘पावसात आम्ही पन जात नाय.’ तोपर्यंत सगळी वाक्यं ‘तुम्ही’साठी होती, इथे एकदम ‘आम्ही’ आलं. सूचना देणारा स्वतः त्या सूचनेखाली उभा राहिला. या एका वळणाने सगळ्या सांगण्याला वजन आलं. मुक्कामापासून सुरू झालेलं बोलणं भयाला स्पर्श करून मायेवर थांबलं, आणि तेही एकही विशेषण न वापरता. ‘अप्रतिम’, ‘विलोभनीय’, ‘स्वर्गीय’ हे शब्द मी या भागात वाट सांगणाऱ्याच्या तोंडी ऐकलेले नाहीत. त्यांना त्यांची गरज पडत नाही.

त्या ‘आम्ही’मागे काय आहे हे इथला अलीकडचा काळ सांगतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यानचा ब्रिटिश काळातला दगडी पूल सावित्रीच्या पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि आतली माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर उतरला, ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली, आणि त्याच दिवसांत महाड शहर पाण्याखाली होतं. नदीची आणि डोंगराची ही बाजू पाहिलेला माणूस ‘नका जाऊ’ म्हणतो तेव्हा ते वाक्य ऐकून घ्यायचं असतं. पावसाळ्यात धबधब्याचा पत्ता विचारणाऱ्याला एखादी मावशी ‘आता पानी लय आहे, दसऱ्यानंतर या’ म्हणते. तिने एक ठिकाण दाखवायचं नाकारलं असं वाटतं, पण तिने त्या ठिकाणाचा योग्य महिना सांगितलेला असतो.

बायकांच्या सांगण्याची घडण वेगळी आहे, आणि जाणकाराने ती वेगळी ओळखली पाहिजे. पुरुष वाट सांगतात ती बहुधा गडांची, खिंडींची, घाटांची. बायका सांगतात ती पऱ्याची, पाणवठ्याची, जळणाची आणि रानभाजीची. पाऊस सुरू झाला की पहिल्या आठवड्यात शेवळं कुठल्या उतारावर येतात, टाकळा कधी कोवळा असतो, कुर्डू कुठवर खुडावा, कंटोळी कोणत्या कुंपणावर चढतात, हा सगळा नकाशा त्यांच्याकडे असतो, आणि तो जागेबरोबर तिथीचाही असतो. महाडच्या बाजारात रस्त्याकडेला वाटे लावून बसलेल्या आजींकडे शेवळं मागितली तर त्या आधी विचारतात, ‘काकडं हायत का घरात?’ शेवळं घशाला खाजतात, आणि काकडाच्या आंबट फळाने किंवा चिंच-आमसुलाने ती खाज मारावी लागते. काकडं नसतील तर आजी वाट्याशेजारची तीही तुमच्या पिशवीत टाकतात.

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. एका पदार्थाची चव दुसऱ्याशिवाय पुरी होत नाही, आणि विकणाऱ्याने ती जोडी जमवून दिल्याशिवाय माल हातात देऊ नये, हे या आजींचं व्यवसायाचं नीतिशास्त्र आहे. युरोपातल्या मोठ्या हॉटेलांत वाईन सुचवणारा तज्ज्ञ ताटात काय आहे ते विचारतो, मासा आहे की मांस, सॉस लोण्याचा आहे की टोमॅटोचा, आणि आंबटाला आंबट, तेलकटाला धार असं पाहून बाटली काढतो. आजींनी तोच विचार केला. फरक इतकाच की त्यांच्यापुढे चुकीची किंमत रुचीची नव्हे, सुजलेल्या घशाची होती.

वाईन आणि हा मुलूख ही जोडी ऐकायला अनोळखी वाटते, पण तिचा धागा फार जुना असू शकतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचं नाव उरलेलं नाही. कल्याणच्या दक्षिणेकडची बंदरं तो क्रमाने सांगतो, सेमिल्ला, मंदागोरा, पालाइपात्माई. यातलं पालाइपात्माई म्हणजे महाडजवळचं पाले, असं काही अभ्यासक मानतात. पाल्याच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आजही महामार्गावरून दिसतात, सुमारे तीस. भरतीच्या पाण्यावर चढून गलबतं सावित्रीने दासगाव-महाडपर्यंत येत असत, हे तर अगदी अलीकडच्या काळापर्यंत चालू होतं. घाटावरून उतरलेला माल आणि समुद्रावरून चढलेला माल जिथे भेटतो, तिथे लेणी कोरवून घेणारे दाते उभे राहतात, हे पश्चिम महाराष्ट्रात जागोजाग दिसतं.

याच पुस्तिकेत भरूच बंदरात काय खपतं याची यादी आहे. तिच्यात वाईन आहे, आणि पसंतीचा क्रमही आहे: इटलीची आधी, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची. घारापुरीसारख्या ठिकाणी भूमध्य समुद्राकडच्या कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. म्हणजे या किनाऱ्यावर कोणीतरी, कधीतरी, दोन वाईन शेजारी ठेवून ‘ही बरी’ असं म्हटलेलं आहे. त्या पसंतीशिवाय लेखकाला तो क्रम कळलाच नसता. त्याने तो इथल्या गिऱ्हाइकांकडून, दलालांकडून ऐकला असावा. भरूचच्या खाडीचा गाळ आणि भरतीचा जोर सांगताना तर तो स्पष्टच नोंदवतो की राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी ‘ट्रप्पगा’ आणि ‘कोटिंबा’ नावाच्या होड्या घेऊन पुढे येतात आणि परक्या गलबतांना वाट दाखवत आत नेतात. भारताच्या किनाऱ्याचं इतकं जुनं प्रवासवर्णन आणि वाईनबद्दलची इतकी जुनी नोंद एकाच पुस्तिकेत आहे, आणि ती पुस्तिका उभी आहे स्थानिकांच्या सांगण्यावर.

मग महाड-पोलादपुरात द्राक्षं का नाहीत? हा प्रश्न मी बाजारात विचारला तेव्हा एका शेतकऱ्याने आभाळाकडे बोट दाखवलं, आणि ते उत्तर शास्त्रालाही मान्य आहे. अरबी समुद्रावरून आलेला पाऊस सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, पायथ्याच्या महाड-पोलादपुरात तीन हजारांच्या आसपास. डोंगर ओलांडला की ढग रिकामे होत जातात, आणि नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात पोचेपर्यंत पाऊस हजार मिलिमीटरच्या खाली येतो. द्राक्षवेलीला महाडइतकी ओल सोसत नाही, केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग तिला गिळतात. नाशिकलाही पावसाळ्यात वेलीवर घड नसतात. उन्हाळ्यात खरड छाटणी करून काडी तयार करायची, पावसाळा तसाच जाऊ द्यायचा, पाऊस सरताना गोडी छाटणी करायची, आणि जानेवारी ते मार्चमध्ये वाईनची द्राक्षं तोडायची, असं हे वर्ष चालतं. युरोपात एकदा होणारी छाटणी इथे दोनदा होते ती पावसामुळेच.

शामराव चौगुले यांनी नारायणगावला इंडेज ही वाईन कंपनी उभी केली, राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली बाटली २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. हा सगळा इतिहास डोंगराच्या पलीकडचा. पण पाऊस अलीकडे पडून गेला म्हणून पलीकडे ती वाईन झाली. नाशिकच्या पेल्यात महाडच्या पावसाची अनुपस्थिती असते. आणि अलीकडे जे पिकतं ते त्याच पावसाचं देणं आहे: करवंद, जांभूळ, फणस, रातांबा. एका भिंतीच्या दोन बाजूंच्या या दोन फळावळी एकमेकांशेजारी ठेवून चाखली, तर सह्याद्री जिभेवर कळतो.

हे चाखणं मला शिकवलं पोलादपूर तालुक्यातल्या एका काकांनी. या भागातल्या असंख्य घरांप्रमाणे त्यांचंही आयुष्य मुंबईला वाहिलेलं. तरुणपणी गेले, मोठ्या हॉटेलांत भांडी घासण्यापासून सुरुवात करून रात्रीच्या जेवणाला वाईन देणारे स्टुअर्ड झाले, आणि निवृत्त होऊन गावी आले. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा परदेशी गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडी त्यांच्याकडून ऐकायला पोरं जमतात. ते वाईनबद्दल बोलतात ते इंग्रजी शब्दांचा आधार न घेता. ‘हिची धार जिभेच्या कडेला लागते’, ‘ही गळ्यात बसते’, ‘ही पहिल्या घोटात गोड बोलते आणि मग गप्प होते.’ चाखण्याची भाषा ज्याने ऐकून ऐकून कमावली आहे, त्याचीच ही वाक्यं.

जानेवारीतली पोपटीची रात्र होती. भात कापून झालेल्या शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. त्याच्या कोवळ्या शेंगा, रताळी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मीठ, ओवा हे सगळं मातीच्या मडक्यात भरतात. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवतात, मडकं उपडं ठेवतात आणि भोवती काटक्या-पेंढा रचून पेटवतात. आत पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. शेंगांची ओल आणि पाल्याचा रस यांच्या वाफेवर सगळं शिजतं. मडकं उघडलं की पहिला वास येतो तो भांबुर्ड्याचा, हिरवा, कापराच्या वळणाचा, जरा कडू. मग धूर, मग ओवा, आणि सगळ्यांत शेवटी वालाचा पिठूळ गोडवा.

मी बरोबर दोन बाटल्या नेल्या होत्या, दोन्ही नाशिककडच्या. एक शिराझ, एक शेनिन ब्लाँ. धुराचा पदार्थ, म्हणून मी शिराझकडे हात नेला. काका म्हणाले, ‘धुराला धूर नको. ती ठेवा, मटणाला घेऊ. पांढरी काढा. पण लगेच ओतू नका, फार गार झालीय. गार वाईन मुकी असते.’ बाटली मडक्यापासून दूर, बांधावर थोडा वेळ उभी राहिली. मग त्यांनी ओतली, आणि आधी शेंग सोलून खायला लावली.

शेनिन ब्लाँचा वास पिकत आलेल्या पेरूचा, मागून हिरवं सफरचंद, आणि तळाशी मधाची पुसट रेघ. नुसती प्यायली असती तर ती मला जरा गोडसर वाटली असती. वालाच्या शेंगेनंतर ती बदलली. भांबुर्ड्याच्या कडवटाने तिचा गोडवा कापला, आणि पेरूचा वास उघडा पडला. उलट दिशेने, वाईनच्या आंबटपणाने वालाचा पिठूळपणा धुतला गेला आणि पुढची शेंग पहिलीसारखी ताजी लागली. कोंबडीच्या मसाल्यातल्या तिखटाला त्या किंचित गोडव्याने सावरलं. तेव्हा काकांनी त्यांचा सिद्धान्त सांगितला: ‘ज्याच्यात जे कमी, ते दुसऱ्यानं द्यायचं. दोघांनी एकच दिलं तर दोघंही फुकट.’ मला शेवळं आणि काकडं आठवली. बाजारातल्या आजी आणि मुंबईच्या हॉटेलातले स्टुअर्ड एकाच शाळेत शिकलेले होते, आणि ती शाळा या खोऱ्याची होती. काकांना वाईन मुंबईने दाखवली, पण तिची पारख करणारी जीभ त्यांनी गावाहूनच नेली होती.

त्याच काकांच्या घरी उन्हाळ्यात रातांब्याचं आगळ असतं. वाईनच्या जाणकाराने कोकमाकडे गंभीरपणे पाहावं असं मला मनापासून वाटतं. रंग पाहा, पेला तिरका धरला तर कडेला गुलाबी आणि मध्यभागी जांभळट लाल, कोवळ्या लाल वाईनच्या जवळ जाणारा. आंबटपणा पहिल्या क्षणी टोकदार, मग मीठ येऊन तो गोल करतं, आणि गिळल्यावर सालीचा तुरटपणा हिरड्यांवर राहतो. सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तिन्ही अंगं असलेलं हे पेय आहे. त्याला साल असतं, कारण ज्या वर्षी मृगाआधी वळवाचा पाऊस झोडपतो त्या वर्षी आगळाला धार येत नाही. त्याला झाड असतं, कारण घरातले लोक अमुक झाडाचा रातांबा सरबताला आणि तमुक झाडाचा आमसुलाला हे वेगळं सांगतात. आणि मर्यादेचंही भान आहे. माडीबद्दल विचारलं तर उत्तर येतं, ‘ती किनाऱ्यावर, श्रीवर्धनकडं. आमच्याकडं नारळ कमी.’ जे आपलं नाही ते आपलं म्हणून न सांगणं, हा सांगणाऱ्याचा मोठा गुण आहे.

पिण्याविषयी बोलायचं आणि महाडात बोलायचं, तर चवदार तळ्याशी थांबायलाच हवं. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला, आणि महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं सर्वांचं झालं. पाणी मात्र अस्पृश्य ठरवलेल्यांना भरता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या परिषदेला जमलेल्या हजारोंसह जाऊन त्या तळ्याचं पाणी प्राशन केलं. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले, आणि तळं ‘शुद्ध’ करण्याचा विधीही झाला. २५ डिसेंबर १९२७ ला पुन्हा परिषद भरली, मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ ला निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला.

या घटनेकडेही मी इथल्या लोकांच्या सांगण्यातूनच नीट पोचलो. पाठ्यपुस्तक तळं सांगतं आणि तारीख सांगतं. महाडचा माणूस सांगतो ती माणसं: या तालुक्यातले रामचंद्र बाबाजी मोरे, ज्यांनी परिषद महाडात व्हावी म्हणून धडपड केली, नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, जे सोबत उभे राहिले, आणि फत्तेखान, ज्यांनी डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना तेव्हा स्वतःची जागा दिली. ‘ती जागा इथून तिथपर्यंत’ असं हात करून कोणी दाखवतं तेव्हा इतिहासाला लांबी-रुंदी येते.

चवीच्या दृष्टीने या तळ्याचा अर्थ मला असा लागतो. चाखण्याआधी पोचण्याचा हक्क लागतो, आणि चवीबद्दल बोलण्याआधी बोलणारे एका पातळीवर यावे लागतात. ज्याला पाण्याशी येऊ दिलं जात नव्हतं, त्याला पाण्याच्या चवीवर मत कोण विचारणार होतं? वाईनच्या जगात आजही वरची जीभ आणि खालची जीभ असा भेद चालतो. महागड्या बाटलीपुढे गप्प बसणारा माणूस स्वतःच्या जिभेवर अविश्वास ठेवायला शिकतो. पोपटीभोवती बसलेले काका, मडकं लावणारी पोरं, मी आणि शेनिन ब्लाँ एका मातीवर होतो, म्हणूनच त्या वाईनबद्दल खरं बोलता आलं. समोरच्याचं म्हणणं आपल्या म्हणण्याइतकं मानल्याशिवाय ना वाट कळते, ना चव. माझ्या दृष्टीने रसिकतेची पहिली अट ही आहे.

सांगण्याची ताकद कुठवर जाते हे महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीला दिसतं. काळ नदीच्या त्या डोहातले मोठे मासे वरदायिनी देवीचे मानले जातात, आणि गावकरी त्यांना पकडत नाहीत, पकडू देत नाहीत. महसीरसारखे मासे इतरत्र विरळ होत असताना तिथे काठावरून दिसतात. तिथे गेल्यावर कोणी तुम्हाला माशांना काय घालायचं आणि काय नाही हे सांगेल, आणि पाण्यात उतरू नका असं सांगेल. त्या दोन वाक्यांवर एक डोह पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे.

शिवथरघळही सांगण्या-शोधण्यातूनच आजच्या महाराष्ट्राला कळली. वरंध घाटाच्या पायथ्याच्या या घळीशी समर्थ रामदासांच्या दासबोधाची परंपरा जोडलेली आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ती लोकांसमोर आणली. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, पोलादपुरात शिवभारतकार कवींद्र परमानंदांची. या ठिकाणांना पाट्या आहेत, रस्ते आहेत. तरीही उमरठला जाऊन पारावरच्या माणसाशी बोललं, तर मालुसऱ्यांची गोष्ट कोंढाण्यावर संपत नाही. ती गावातल्या आजच्या घरांपर्यंत, फेब्रुवारीतल्या पुण्यतिथीच्या तयारीपर्यंत येते.

म्हणून जाणाऱ्याने काय करावं ते सांगतो. पोपटीसाठी जानेवारीत जावं, करवंदं-रातांब्यांसाठी मे महिन्यात, आणि धबधब्यांसाठी दसऱ्याच्या आसपास, जेव्हा गावकरी ‘या’ म्हणतात तेव्हा. ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावं, कारण विचारणारा त्यावरून तुमचे पाय, तुमचा वेळ आणि तुमची भूक यांचा अंदाज घेत असतो. वाट दाखवायला माणूस घेतला तर त्याचे पैसे आधी ठरवून, पुरे द्यावेत. बाटली नेली तर ती उघडण्याआधी घरातल्यांना चालेल का हे विचारावं, आणि नको म्हटलं तर आगळाचा पेला तेवढ्याच आदराने चाखावा.

आणि परत आल्यावर सांगावं, पण कोणाकडून ऐकलं त्यासकट. चांगल्या वाईनच्या बाटलीवर द्राक्ष कोणतं, गाव कोणतं, साल कोणतं आणि केली कोणी हे छापलेलं असतं. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे ते याच विचाराने, की चवीचं श्रेय मातीला आणि माणसांना नावानिशी मिळावं. प्रवासाबद्दल लिहिताना मात्र आपण ‘एका स्थानिकाने सांगितलं’ म्हणून मोकळे होतो. भरूचच्या खाडीत परक्या गलबतांना वाट दाखवणाऱ्या कोळ्यांपैकी एकाचंही नाव पेरिप्लसमध्ये नाही, आणि दोन हजार वर्षांनंतरही आपली सवय फारशी सुधारलेली नाही. पोपटीच्या रात्रीच्या काकांना मी नाव छापू का असं विचारलं होतं. त्यांनी नको म्हटलं, म्हणून ते इथे नाही. पण विचारणं हे आपलं कर्तव्य आहे. सांगणाऱ्याचं म्हणणं त्याच्या संमतीने, त्याच्या नावावर पुढे गेलं, तर तो मुलूख पाहुण्यांपुढे मांडलेलं दृश्य राहत नाही, त्याचा जाणकार म्हणून त्याच्याच माणसाला मान मिळतो, आणि ऐकणाऱ्यालाही ती चव पुरी कळते.